दारू, चळवळ आणि सोबतीचा माणूस

गेली अकरा वर्षे मी दारू सोडलेला माणूस आहे. त्यातली आठ वर्षे दारू न सुटलेल्या माणसांच्या शेजारी बसणे हाच माझा रोजगार आहे. केंद्राच्या कागदावर माझ्या हुद्द्याला लांबलचक इंग्रजी नाव आहे. वस्तीत मला 'सोबती' म्हणतात. ज्यांची अजून सुटलेली नाही ते मला पाहून बोळ बदलतात. मी डॉक्टर नाही, समाजसेवक नाही, कीर्तनकार तर नाहीच. माझी पात्रता एवढीच की गटारीत पडलेल्या माणसाला गटारीची चव कशी लागते हे मला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही.

माझ्या सुटकेची कहाणी सांगायला मी लेखणी उचललेली नाही. ती मी दर आठवड्याला सांगतो, आणि सांगून सांगून ती गुळगुळीत झाली आहे. मला शोध घ्यायचा आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. पिणाऱ्याने पिणाऱ्याचा हात धरायचा ही रीत कुठून आली? आणि माणसाला माणूसपण देणाऱ्या आपल्या चळवळीला ती आपली का वाटली नाही?

आमचा जिल्हा साखरेचा. नाव 2024 साली अहिल्यानगर झाले. म्हातारी माणसे अजून 'नगर'च म्हणतात. प्रवरानगरचा सहकारी कारखाना 1950 साली सुरू झाला, आणि सहकाराच्या गौरवग्रंथांत त्याला मानाचे पान असते. त्या पानावर मळीचा उल्लेख सहसा नसतो. ऊस गाळला की साखर निघते आणि मळी उरते. मळी आंबवली की मद्यार्क होतो. श्रीरामपूरजवळच्या टिळकनगरला 1933 साली साखरेसाठी निघालेली कंपनी आज देशभर ओळखली जाते ती दारूसाठी. साखर कुठे गेली आणि तिचा पैसा कुठे गेला हे सगळ्यांना ठाऊक आहे. मळीचा वास मात्र आमच्या वस्तीवरून वाहायचा. माझा बाप कोयत्यावर होता. संध्याकाळी मुकादम उचल द्यायचा आणि उचलीतला वाटा गुत्त्यावर परत यायचा. गुत्ता मुकादमाच्या भावाचा होता, हे मला मोठेपणी कळले.

दारू ही दलितांच्या रक्तातच आहे, असे आजही शहाणीसुरती माणसे खाजगीत बोलतात. रक्तात नव्हती, ती हिशेबात होती. मेलेले ढोर ओढायचे, लग्नात हलगी वाजवायची, रात्र जागून प्रेत राखायचे. या कामांना रोख मजुरी नव्हती. भाकरतुकडा होता, आणि वर 'घे रं घोटभर' होते. ज्या कामाची किळस येऊ नये म्हणून माणसाला गुंगवावे लागते, ते काम ज्याच्या माथी मारले त्यालाच पुढे 'पिदाड' म्हणायचे, हा या व्यवस्थेचा साधा व्यवहार होता. फ्रेडरिक डग्लस या गुलामगिरीतून पळालेल्या काळ्या माणसाने 1845 साली छापलेल्या आत्मकथनात नेमके हेच लिहून ठेवले आहे. नाताळच्या सुट्टीत मालक गुलामांना मुद्दाम पाजत, कोण जास्त पितो यावर पैजा लावत. हेतू हा की स्वातंत्र्य म्हणजे ओकारी आणि लोळणे एवढेच, असे गुलामालाच वाटावे. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला अमेरिका आठवली नाही. मुकादमाचा भाऊ आठवला.

इंग्रज सरकारनेही यात आपले हात धुऊन घेतले. 1878 च्या अबकारी कायद्याने दारू पाडण्यावर आणि विकण्यावर सरकारची पकड बसली आणि पिणाऱ्याचा घोट महसुलाच्या वहीत चढला. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते. शहरात दारूची दुकाने वाढवण्याला त्यांनी 1880 साली लेखी विरोध केला. त्यात सोवळेपणा नव्हता. कुणाचे घर बुडते आणि कुणाची तिजोरी भरते हे त्यांना दिसत होते.

बाबासाहेबांनी 1927 साली महाडला मेलेल्या ढोरांचे मांस सोडायला सांगितले, आणि 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा घातली. माझी आजी सांगायची, दीक्षेची बातमी आली त्या हप्त्यात आमच्या वस्तीतल्या बायांनी मडकी फोडली. प्रतिज्ञेने आमच्या हजारो घरांत भिंत उभी केली, पोरे शिकली, हे मी कधीही नाकारणार नाही. माझा प्रश्न त्याच्यापुढचा आहे. प्रतिज्ञा मोडली तर काय?

प्रतिज्ञा मोडणाऱ्यासाठी आपल्याकडे एकच शब्द होता, गद्दार. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत झिंगून नाचणाऱ्याला बाजूला ओढायचे, दुसऱ्या दिवशी विहाराच्या पायरीवर त्याला चार माणसांसमोर बोलायचे, आणि मग तो विहाराकडे फिरकत नाही म्हणून त्याला पुन्हा बोलायचे. मला असेच बोलले गेले होते. बोलणारा माणूस वाईट नव्हता. त्याने नामांतराच्या लढ्यात लाठ्या खाल्ल्या होत्या. पण माझ्या हाताचा थरकाप सकाळी सहाला कशाने थांबतो हे त्याला माहीत नव्हते. आपल्या साहित्याने ही गोष्ट लपवलेली नाही. याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातून आलेल्या दया पवारांनी 'बलुतं'मध्ये (1978) दारूने पोखरलेला बाप झाकून ठेवला नाही, आणि समाजाची अब्रू काढली म्हणून आपल्याच माणसांची बोलणी खाल्ली. लेखकाला जे धैर्य झाले ते कार्यकर्त्याला झाले नाही, असे मला कटूपणे म्हणावे लागते.

सरकारची दारूबंदी हा तर निराळाच तमाशा. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला, हातभट्ट्या नदीकाठच्या बाभळीत गेल्या, आणि पोलिसांच्या गाडीत ट्यूब वाहणारी बाई बसली, भट्टीचा मालक नाही. पुढे बंदी सैल झाली, देशी दारूला परवाने मिळाले. पण कायद्याचे नाव दारूबंदीचेच राहिले. आज या राज्यात दारू विकली जाते ती दारूबंदीच्या कायद्याखाली! फेब्रुवारी 2017 मध्ये जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत नगर तालुक्यातल्या पांगरमलला जेवणावळीत विषारी दारू वाटली गेली आणि माणसे मेली. मते मागणाऱ्यांना आजही घोटाचा हिशेब कळतो.

याच जिल्ह्यात पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धी आहे. 1975 नंतर अण्णा हजारे यांनी तिथे दारू बंद केली; न ऐकणाऱ्याला खांबाला बांधून पट्ट्याने मारले, हे त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितले आहे. गावात पाणी आले, झाडे आली, दारू गेली. कौतुक करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. पण खांब म्हटला की प्रत्येकाला एकच चित्र दिसत नाही. आमच्या वाड्यांना गावच्या खांबाची जुनी ओळख आहे, आणि तिथे बांधले जायला दारूच प्यावी लागत असे असे नाही. शिवाय आठ वर्षांच्या धंद्याचा अनुभव सांगतो, मार खाल्लेला माणूस पिणे सोडत नाही, समोर पिणे सोडतो.

मग सोबतीची रीत कुठली? आमच्या प्रशिक्षणात तिचा इतिहास 1935 पासून सुरू करतात. अमेरिकेतल्या अॅक्रन गावी एक शेअरदलाल आणि एक शल्यविशारद असे दोन दारुडे भेटले, एकमेकांशी बोलल्याने दोघेही कोरडे राहिले, आणि त्यातून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस निघाली. 1957 साली ती मुंबईत पोचली. 1986 च्या ऑगस्टमध्ये पुण्याला डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण काढले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने. तिथे बरे झालेले रुग्णच पुढे कार्यकर्ते म्हणून उभे राहिले. महाराष्ट्रात आमच्यासारख्यांना बसायला खुर्ची मिळाली ती या कामामुळे, आणि ते ऋण मी मानतो.

पण 1935 ही सुरुवात नव्हे. 1799 साली सेनेका या आदिवासी राष्ट्रातला हँडसम लेक, स्वतः दारूने मरणपंथाला लागलेला माणूस, उठला आणि आपल्या जमिनी गमावलेल्या लोकांना दारू सोडायला सांगत गावोगाव फिरला. 1842 च्या 1 ऑगस्टला फिलाडेल्फियात काळ्या लोकांनी दारूविरोधी मिरवणूक काढली तेव्हा गोऱ्या जमावाने तिच्यावर हल्ला करून वस्ती जाळली. दारू सोडलेला काळा माणूस त्यांना प्यालेल्याहून जास्त खुपला. जयंतीच्या मिरवणुकीवर दगड पडलेल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. आणि 1970 च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये यंग लॉर्ड्स, ब्लॅक पँथर्स आणि वस्तीतल्या लोकांनी लिंकन रुग्णालयाचा एक भाग ताब्यात घेतला आणि गर्दुल्ल्यांसाठी केंद्र सुरू केले. चालवणाऱ्यांत पूर्वी स्वतः व्यसनी असलेली माणसे होती. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1972 साली, मुंबईत दलित पँथर उभी राहिली. आम्ही नाव घेतले, आवेश घेतला, कविता घेतली. लिंकन रुग्णालयातली ती खोली मात्र घ्यायची राहिली.

आता माझ्या बैठकीबद्दल. आमच्या वर्तुळात आडनाव सांगत नाहीत. पहिले नाव आणि 'मी दारुडा आहे', बस्स. अमेरिकेत हा नियम अब्रू राखण्यासाठी झाला असेल. महाराष्ट्रात आडनाव काढले की जात काढली जाते. पहिल्या दिवशी मला हे विलक्षण वाटले. माझ्या डावीकडे पाटील होता की पारधी, मला कळले नाही, आणि दोघांनीही माझ्या खांद्यावर हात ठेवला.

तीन वर्षांपूर्वी एक बागायतदार दाखल झाला. दारू तोडल्यावर तिसऱ्या रात्री त्याला भास होऊ लागले. भिंतीवरून मुंग्या येताहेत म्हणून तो ओरडत होता. डॉक्टरांनी औषध दिले, पण रात्रभर त्याचा हात माझ्या हातात होता. "दादा, सोडू नका," एवढेच तो म्हणत होता. एक वर्ष तो कोरडा राहिला. वर्ष पुरे झाले की आम्ही त्याला वाढदिवस म्हणतो. त्याने आम्हा पाच जणांना घरी जेवायला बोलावले. ओट्यावर गप्पा झाल्या, म्हाताऱ्या आईने गाव विचारले, मग पूर्ण नाव विचारले. पंगत बसली. चौघांना स्टीलची ताटे आली, मला पत्रावळ. त्याने पाहिले आणि मान खाली घातली. मी जेवलो. पत्रावळ स्वतः उचलून उकिरड्यावर टाकली.

पुढच्या बैठकीला तो आला नाही. त्याच्या पुढच्याला आला तो वास मारत. सगळ्यांसमोर म्हणाला, "दादाच्या पत्रावळीवर मी बोललो नाही. त्या रात्री घेतली." वर्तुळ गप्प. आमच्या नियमाप्रमाणे कुणी उत्तर द्यायचे नसते. माझ्या मनात आले, याच्या पश्चात्तापालासुद्धा दारूच लागली, आणि पत्रावळ माझी होती. वरिष्ठांना सांगितले तर ते म्हणाले, जातीचा विषय बैठकीत आणू नका, उपचारात अडथळा येतो. विषय मी आणला नव्हता. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा दाखल झाला आणि तिसऱ्या रात्री त्याचा हात पुन्हा माझ्या हातात होता. मी तो सोडला नाही. क्षमा केली असे मात्र कुणी लिहू नये.

2019 साली केंद्र सरकारने एम्सकडून करवून घेतलेल्या पाहणीचा अहवाल आला. त्यात दारूच्या आहारी गेलेल्या अडतीस माणसांत एकालाच काही ना काही उपचार मिळतो असे दिसले. उरलेले सदतीस कुठे असतात? मला त्यातले बरेच नावानिशी ठाऊक आहेत. ते विहाराच्या मागच्या कट्ट्यावर असतात.

म्हणून गेल्या पावसाळ्यात मी मला गद्दार म्हणणाऱ्या त्या जुन्या कार्यकर्त्याकडे गेलो. जयभीम केला आणि गुरुवारी संध्याकाळी विहाराची किल्ली मागितली. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "पिऊन कुणी आत आलं तर?"

"तर त्याला दाराजवळ बसवीन," मी म्हणालो. "जवळ मी बसेन."

"आन् प्रतिज्ञा?"

"ती उद्या सकाळी पुन्हा घेईल. परवा पुन्हा."

त्याने किल्ली दिली, पण सोबत आला. पहिल्या गुरुवारी चार माणसे होती. चौथा एक हलगीवाला पोरगा, घेतलेलाच होता, दाराजवळ बसला. त्याने विचारले, इथे पूर्ण नाव सांगायचे की अर्धे. मी म्हातारबाकडे पाहिले. तो म्हणाला, "तुला सांगावंसं वाटंल तेवढं सांग." पोराने पूर्ण नाव सांगितले, बापाचे, गावचे, सगळे.

आता आम्ही नऊ जण आहोत. दोघे मधून मधून घेतात. बागायतदार अजून आलेला नाही. विहार कुठे आहे ते त्याने फोनवर दोनदा विचारले आहे.