'हाई' म्हणजे 'हाय' नव्हे!

आजचा भाग एका छोट्या शब्दावर: 'हाई'.

जळगाव-धुळ्याच्या अहिराणीत 'हाऊ' म्हणजे हा आणि 'हाई' म्हणजे ही. 'हाई झुमका वाली पोर' हे गाणं रील्सवर गाजलं आणि शब्द खान्देशाबाहेर गेला. पण अहिराणी न येणाऱ्याला तो सरळ 'हाय!' वाटू शकतो. बोट दाखवणारा शब्द, झाला नमस्कार! कोडिंगच्या भाषेत, व्हेरिएबल तेच, स्कोप बदलला.

'पोर'चंही तसंच. पुस्तकी मराठीत 'ते पोर' म्हणजे लहान मूल. अहिराणीत 'पोर' म्हणजे मुलगी, लग्नाच्या वयाचीसुद्धा.

बाहेरच्यांनी आपापल्या परीने अर्थ लावणं तसं जुनंच. ग्रियर्सनने १९०७च्या खंडात खान्देशी बोली भिल्ली भाषांसोबत ठेवली, आणि आज अनेक जण तिला मराठीचीच बोली म्हणतात.

आता खरा प्रश्न. रीलमध्ये अहिराणी भारी वाटते ना? मग ऑफिसात घरचा फोन आला की आपण आवाज का कमी करतो? रील शब्द पसरवेल, पण अर्थ माहीत असलेले आपणच बोलायचं थांबलो, तर 'हाई'चा नुसता 'हाय' उरेल.

चला, भेटू पुढच्या भागात.