आकड्यांचा चढउतार

१९४८ साली बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बरांनी रक्ताच्या कर्करोगाने अत्यवस्थ झालेल्या १६ मुलांची हकीकत छापली. आपल्या येल्लाप्रगडा सुब्बारावांच्या प्रयोगशाळेतून आलेल्या अमिनॉप्टेरिनने १० मुलांना उतार पडला, पण तात्पुरता! सुधारलेले आकडे पुन्हा बिघडत.

आमच्या दादाचा रोग जुनाट प्रकारचा. त्यावरच्या इमॅटिनिबला अमेरिकेत २००१ मध्ये मान्यता मिळाली. गोळी रोज, तपासणी दर तीन महिन्यांनी. आकडा किंचित चढला की घरात कोणाला जेवण जात नाही. परंतु नुसती प्रयोगशाळा बदलली तरी आकडा हलतो. म्हणून डॉक्टर एका आकड्यावर औषध बदलीत नाहीत, गोळ्या चुकल्या का विचारतात, पुन्हा रक्त घेतात. जन्मभर गुण मांडणाऱ्या मास्तराला हे कळायला हवे! तरी पाकीट फोडताना माझा हात कापतो. दादा मात्र आधी गोळी घेतो.