सहा फुटांची साखळी

कुत्र्याला समुद्र दाखवला की त्याचे काय होते, हे ज्याने पाहिले आहे त्याला निराळे सांगायला नको. घरात कोपऱ्यात पेंगणारा, रस्त्याने मालकाच्या पायात घुटमळणारा तो प्राणी, वाळूला पाय लागताच कान मागे टाकून असा सुटतो की लाटेच्या फेसात तोंड घालूनच थांबतो. त्याची ही हौस पुरवण्यासाठी सार्वजनिक किनाऱ्याचा एक तुकडा नेमून द्यावा, ही कल्पना आपल्याला थोडी चैनीची वाटेल. पण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ती पन्नास वर्षांहून जुनी आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगो शहरात नदी जेथे समुद्राला मिळते तेथला वाळूचा पट्टा १९७२ साली कुत्र्यांना साखळीवाचून हिंडायला रीतसर मोकळा झाला. मला मात्र आज सांगायची आहे ती सॅन फ्रान्सिस्कोची हकीकत. तिथे एवढीशी साखळी केंद्र सरकारापर्यंत गेली, न्यायासनापुढे गेली, आणि तिच्यापायी शहाण्यासुरत्या माणसांत पिढीभर तेढ राहिली.

त्या शहराच्या पश्चिम अंगाला साडेतीन मैलांचा ओशन बीच आहे. त्याच्या दक्षिणेला वाळूचे उंच कडे उभे आहेत, आणि कड्यांच्या माथ्यावर फोर्ट फन्स्टन नावाचे जुने लष्करी ठाणे. दुसऱ्या महायुद्धात इथे सोळा इंची तोफा समुद्राकडे तोंड करून बसवलेल्या होत्या. युद्ध संपले, तोफांचा जमाना गेला, जागा शहराच्या हाती आली, आणि वाऱ्याने वाळूच्या टेकड्या इकडच्या तिकडे होत असलेल्या त्या माळावर लोक आपापली कुत्री घेऊन फिरू लागले. परवानगी कोणी दिली नाही, कोणी मागितलीही नाही. वहिवाट पडते ती अशीच पडते.

१९७२ च्या ऑक्टोबरात अध्यक्ष निक्सन यांनी एका कायद्यावर सही केली आणि ‘गोल्डन गेट राष्ट्रीय करमणूक क्षेत्र’ जन्माला आले. शहराने आपले किनारे आणि हा माळ १९७५ साली या नव्या क्षेत्रात घातला. जागा लोकांच्या फिरण्या-खेळण्यासाठीच राहतील, या भरवशावर हे देणे झाले होते. आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या कुत्रेवाल्यांच्या लेखी कुत्र्याला मोकळे सोडणे हे फिरण्या-खेळण्यातच जमा होते.

इथे एक पेच होता, तो सुरुवातीला कोणाच्या फारसा नजरेत आला नाही. अमेरिकेतली राष्ट्रीय उद्याने ज्या खात्याच्या ताब्यात असतात त्याचा नियम असा की, उद्यानात कुत्रा न्यायचा तर तो साखळीने बांधलेला हवा आणि ती साखळी सहा फुटांहून लांब नको. जेथे अस्वले आणि हरणे फिरतात त्या रानात हा नियम शहाणपणाचा आहे, यात शंका नाही. पण तोच नियम एका मोठ्या शहराच्या परसदारी आला, की चमत्कारिक दिसू लागतो. शहरवासीयांनी गाऱ्हाणे केले. नव्या क्षेत्रासाठी नागरिकांचे एक सल्लागार मंडळ नेमलेले होते. त्याने लोकांचे म्हणणे ऐकून १९७९ साली एक धोरण ठरवले. त्याचा मथितार्थ असा: काही ठरावीक जागी कुत्रा साखळीवाचून फिरेल, मात्र तो मालकाच्या हाकेच्या ताब्यात असला पाहिजे.

हाकेच्या ताब्यात! कुत्रा पाळणाऱ्या कोणालाही या दोन शब्दांवर हसू येईल. आपला कुत्रा हाकेसरशी परत येतो, असे प्रत्येक मालक शपथेवर सांगतो. आणि समोर मांजर, चेंडू किंवा दुसऱ्याचा डबा दिसला की ती हाक समुद्राच्या गाजेत कुठे विरते ते देव जाणे. तरीही मला वाटते, धोरण वाईट नव्हते. वाईट होते ते एवढेच, की मूळ नियम कोणी बदललाच नाही. मंडळ सल्ला देणारे, नियम वॉशिंग्टनचा. वीसएक वर्षे उद्यानाचे अधिकारी छापील नियमाविरुद्ध स्वतःच्याच धोरणाने चालत राहिले. सर्वांचीच सोय होती. मग बोलणार कोण?

बोलला नाही, पण ज्याच्यामुळे बोलणे भाग पडले, तो एक पक्षी होता. लांबी सहा इंच, रंग कोरड्या वाळूचा, पाय काडीसारखे. तो चिखल्यांच्या कुळातला. आपल्या कोकणच्या पुळणीवर हिवाळ्यात जो लहानगा चिखल्या तुरुतुरु धावताना दिसतो, त्याचा हा इतका जवळचा भाऊबंद की काही वर्षांपूर्वीपर्यंत पक्षिशास्त्रज्ञ दोघांना एकाच जातीत धरत. ओशन बीचवर तो अंडी घालत नाही. अंडी घालण्याचे दिवस सरले की विसाव्याला येतो, आणि माणसाच्या पावलाने वाळूत पडलेल्या खळग्यात वाऱ्याला पाठ देऊन बसून राहतो. पाहणाऱ्याला वाटते, आळशी आहे. पण त्या बसण्यातच त्याची पुढच्या वर्षाची शिदोरी साठत असते. दर खेपेस कुत्रा धावून आला की त्याला उडावे लागते, आणि दर उड्डाणाला अंगातली थोडी चरबी खर्ची पडते. १९९३ साली अमेरिकी सरकारने या पक्ष्याला धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत घातले. मग कुत्रा केवळ खेळतो आहे, हे उत्तर पुरेसे राहिले नाही.

फोर्ट फन्स्टनवर दुसरेच पाखरू उभे राहिले. तिथल्या कड्याच्या भुसभुशीत मातीत बिळे करून राहणाऱ्या पाकोळ्यांसाठी, आणि माळावरची मूळची झाडेझुडपे पुन्हा लावण्यासाठी, खात्याने २००० साली माळाचा एक भाग कुंपण घालून बंद करायला घेतला. कुत्रेवाले न्यायालयात गेले. पाखरे खरी की कुत्री, हा प्रश्न न्यायाधीशांनी बाजूला ठेवला आणि खात्याला त्याचाच एक नियम दाखवला: लोकांच्या वापरात मोठा फरक पडणार असेल, किंवा गोष्ट फार वादाची असेल, तर आधी जाहीर सूचना देऊन लोकांचे म्हणणे ऐकून घ्यावे. ते केले नव्हते. काम थांबले, खात्याने सूचना काढली, हरकती ऐकल्या, आणि पुढे कुंपण घातलेच.

यावर खात्याने शिकावे, तर झाले भलतेच. २००१ साली जाहीर झाले की १९७९ चे धोरण मुळातच बेकायदा होते, म्हणून ते रद्द; आता सगळीकडे सहा फुटांची साखळी. मोकळ्या कुत्र्यांच्या मालकांना दंडाच्या पावत्या मिळू लागल्या. तिघांनी दंड भरायचे नाकारले, आणि २००५ साली न्यायालयाने पुन्हा तेच सांगितले: वीस वर्षे जी मोकळीक तुम्ही स्वतः दिलीत, ती लोकांना न विचारता एका फटक्यात काढून घेता येणार नाही.

हे वाचताना मला १८३२ ची मुंबई आठवली. कंपनी सरकारने उन्हाळ्यात भटकी कुत्री मारायचा हुकूम काढला होता आणि कुत्र्यामागे आठ आणे लावले होते. पैशाच्या लोभाने शिपाई घरादारातली कुत्रीही ओढून नेऊ लागले. पारशांच्या धर्मात कुत्र्याला मोठा मान. ६ जूनला दंगा उसळला, दुसऱ्या दिवशी बाजार बंद पडला, कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीची रसद अडली. दोन वर्षांनी जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांनी मुंबईची पांजरपोळ उभी केली. पिसाळलेल्या कुत्र्याचे भय सरकारने काही मनातून काढलेले नव्हते. न विचारण्याची खोड मात्र फार जुनी आहे. सॅन फ्रान्सिस्कोकर दंगा न करता वकिलाकडे गेले, एवढे त्यांच्या पदरात घालायला हवे.

पुढची दहा-बारा वर्षे भराभर सांगता येतील. कुत्रेवाले, पक्षिमित्र, निसर्गरक्षक असे सगळे एका मेजाभोवती बसवून तोडगा काढायचा प्रयत्न २००६ आणि २००७ मध्ये झाला. मोठ्या मुद्द्यावर एकमत झाले नाही. २०११ साली खात्याने दोन हजारांहून अधिक पानांचा मसुदा काढला, २०१३ साली त्याला पुरवणी जोडली, २०१६ साली नियमाचा खर्डा प्रसिद्ध केला. मोकळ्या जागा त्यात पुष्कळच आखडल्या होत्या. नियम कायम होणार, इतक्यात माहिती कायद्याखाली मिळालेल्या पत्रव्यवहारातून दिसले की काही अधिकारी या कामाचे बोलणे खासगी ई-मेलवरून करीत होते. जानेवारी २०१७ मध्ये गाडे थांबले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात सगळी योजनाच गुंडाळली गेली. १९७९ चे ते न-कायदा धोरण पुन्हा होते तिथे येऊन बसले.

माझा कल कोणाकडे, असे कोणी विचारील. दिवसभर चार भिंतींत राहणाऱ्या कुत्र्याला तासभर जीव खाऊन धावायला मिळावे, हे मला न्याय्य वाटते. पण त्याच वाळूवर तीन वर्षांचे पोर असते, काठी टेकत आलेल्या आजीबाई असतात; अंगावर झेपावणारे ओले जनावर प्रेमाने आले आहे हे त्यांना कोणी आधी सांगत नाही. ती दोघे निदान तक्रार तरी करू शकतात. खळग्यात बसलेल्या चिखल्याला हरकतीचा अर्ज भरता येत नाही, आणि या साऱ्या भांडणात त्याच्या वतीने बोलणाऱ्यांना कुत्र्यांचे वैरी ठरवले गेले, हे मला रुचत नाही.

त्याच्यापुरता एक नियम मात्र २००८ साली रीतसर झाला, सूचना देऊन, लोकांचे ऐकून; आणि थोरली योजना बुडाली तरी तो बुडाला नाही. ओशन बीचच्या मधल्या लांब पट्ट्यावर १ जुलैपासून १५ मेपर्यंत कुत्र्याच्या गळ्यात साखळी हवी. मेच्या मध्यापर्यंत चिखले दुसऱ्या किनाऱ्यांवर अंडी घालायला निघून गेलेले असतात. मग दीड महिना ती वाळू कुत्र्यांची. जुलै लागला की पाखरे परतू लागतात, आणि मालक खिशातली साखळी काढतात.