अभियंत्यांच्या डॉक्टरेटचा अधिकार : जर्मनीतील एक प्रकरण

विद्युत्-अभियांत्रिकीतील डॉक्टरेटचे संशोधन आज स्वाभाविक वाटत असले, तरी त्याचा अधिकार सहजासहजी मिळालेला नाही. जर्मनीत १८८२ साली डार्मस्टाट येथील तंत्रविद्यालयात विद्युत्-अभियांत्रिकीचे जगातील पहिले अध्यासन स्थापन होऊन त्यावर एरास्मुस किटलर यांची नेमणूक झाली. विषयाला अशा रीतीने अध्यापक मिळाला, विद्यार्थी मिळाले, प्रयोगशाळाही मिळाली. परंतु डॉक्टर ही उपाधी देण्याचा अधिकार मात्र विद्यापीठांकडेच राहिला. यंत्रांशी निगडित ज्ञान हे उपयुक्त असले तरी विद्या या पदवीस पोचत नाही, अशी जुन्या विद्यापीठांतील अनेकांची धारणा होती.

हा अडसर ऑक्टोबर १८९९ मध्ये दूर झाला. बर्लिनजवळील शार्लोटेनबुर्ग येथील तंत्रविद्यालयाच्या शताब्दीप्रसंगी सम्राट दुसरा विल्हेल्म याने प्रशियातील तंत्रविद्यालयांना ‘डॉक्टर-इंजिनिअर’ ही उपाधी देण्याचा अधिकार बहाल केला. मात्र विद्यापीठांच्या उपाधीप्रमाणे ती लॅटिन रूपात न लिहिता जर्मन रूपातच लिहावी, असे बंधन घालण्यात आले. समता मान्य झाली, पण भेदाची खूणही राखून ठेवली गेली.

या अधिकाराचे फळ लवकरच दिसू लागले. राइनहोल्ड रुडेनबेर्ग यांनी १९०६ साली हानोव्हर येथे ही उपाधी मिळविली. ब्रेक व डायनामो यांच्या धातूत भोवऱ्याप्रमाणे फिरणाऱ्या प्रवाहांत किती ऊर्जा खर्च होते, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. कारखान्यातील यंत्रातून निघालेला प्रश्न गणिताच्या कसोटीस उतरून विद्वत्तेच्या दरबारी रुजू झाला.

तथापि उपाधी म्हणजेच संशोधन नव्हे, याचेही प्रमाण त्याच परंपरेत सापडते. सीमेन्सच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कार्ल क्युपफ्म्युलर यांच्यापाशी डॉक्टरेट नव्हती. विवर्धकाच्या निर्गमाचा अंश मागे पाठवून त्याची पातळी आपोआप आवरणाऱ्या बंद साखळीचे स्थैर्य कसे तपासावे, याचे विवेचन त्यांनी १९२८ साली प्रसिद्ध केले; पुढे ज्यास नियंत्रण-अभियांत्रिकी म्हणण्यात येऊ लागले, त्या शास्त्राच्या पायाभरणीत त्याचा अंतर्भाव होतो. त्याच वर्षी डान्झिग येथील तंत्रविद्यालयाने त्यांना प्राध्यापकपद दिले.

या दोन उदाहरणांत विरोध पाहण्याचे कारण नाही. १८९९ च्या निर्णयामुळे यंत्राविषयीच्या प्रश्नाला विद्यालयात मान व आश्रय मिळाला. परंतु प्रश्न स्वतः यंत्रापासूनच यावा लागला. ज्या विभागांना संशोधनाच्या संधी वाढवावयाच्या आहेत, त्यांनी जागांची व शिष्यवृत्तींची गणती करण्यापूर्वी आपल्या प्रयोगशाळेत कोणता प्रश्न अनुत्तरित पडला आहे, याचा विचार करणे इष्ट होय.