झऱ्यातील आम्ल

पावसाचे पाणी रंगहीन असते. मग जंगलातून वाहून आलेले पाणी कधी कधी कोऱ्या चहासारखे का दिसते?

स्वीडनमधील पोर्ला येथील झरा औषधी म्हणून नावाजलेला होता. बर्झेलियस या रसायनशास्त्रज्ञाने त्याचे पाणी तपासले आणि १८३३ मध्ये त्यातील दोन सेंद्रिय आम्लांची माहिती प्रसिद्ध केली. ग्रीक भाषेत 'क्रेने' म्हणजे झरा. त्यावरून नावे पडली क्रेनिक व अपोक्रेनिक आम्ल. झऱ्याच्या लोहयुक्त, गेरूसारख्या गाळातही ती सापडली. ती शुद्ध संयुगे नव्हती, अनेक संयुगांची मिश्रणे होती, हे पुढे कळले आणि नावेही मागे पडली. परंतु सेंद्रिय आम्ल व लोह ही जोडी बर्झेलियसच्या हाती लागली होती. आम्हाला तेच अधिक महत्त्वाचे वाटते.

ही जोडी जमिनीत काय करते, ते रशियातील मातीत दिसते. तेथील सूचिपर्णी जंगलांत पालापाचोळ्याखाली राखेसारखा करडा थर लागतो. शेतकरी अशा जमिनीला 'पॉडझॉल' म्हणत. 'पॉड' म्हणजे खाली, 'झोला' म्हणजे राख. दोकुचायेव यांनी १८८० च्या सुमारास हा शब्द शास्त्रात आणला. प्रत्यक्षात तेथे राख नसतेच! पाचोळ्यातून झिरपणारे पाणी सेंद्रिय आम्ले घेऊन उतरते. ही आम्ले लोह व ॲल्युमिनियमला धरून खाली नेतात; मागे उरतात क्वार्ट्झचे फिकट कण. उतरता उतरता आम्लांना धातू इतके चिकटतात की ती विरघळलेली राहू शकत नाहीत, आणि तांबूस-काळपट थर साचतो. या गाळणीतून ओढ्यापर्यंत पोचलेले पाणी बरेच नितळ असते. जोराच्या पावसात मात्र ते वरच्या थरांतूनच आडवे वाहते आणि ओढा रंगतो.

हा प्रश्न केवळ रंगाचा नाही. अशा पाण्यात क्लोरीन घातल्यास क्लोरोफॉर्म तयार होतो, हे रॉटरडॅमच्या योहानेस रूक यांनी १९७४ मध्ये दाखवले. म्हणूनच उत्तर युरोप व उत्तर अमेरिकेतील अनेक तळी वर्षागणिक तपकिरी होऊ लागली, तेव्हा ती काळजीची बाब ठरली. संशय प्रथम तापमानवाढीवर गेला. माँटीथ व सहकाऱ्यांनी १९९० ते २००४ या काळातील ५२२ तळी व ओढ्यांच्या नोंदी तपासल्या. २००७ मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष वेगळाच होता: गंधकाचे प्रदूषण घटले होते. आम्लवर्षेमुळे मातीतील सेंद्रिय पदार्थ कमी विरघळत. ती ओसरताच ते पुन्हा पाण्यात उतरू लागले. म्हणजे आधीचा नितळपणा काही अंशी धुराड्यांनी आणलेला होता. तापमान व पाऊस यांचा वाटा किती, हा वाद मात्र मिटलेला नाही.