'गोल्डन नी'मध्ये खरंच सोनं असतं का? शरीरात बसवल्या जाणाऱ्या धातूवरच्या कोटिंगबद्दल समजून घ्या

रील्स बघताना सोनेरी रंगाचा चकचकीत कृत्रिम गुडघा तुम्हीही पाहिला असेल. सोबत '३० वर्षं टिकणार' असा दावा. घरात आई किंवा आजीचा गुडघा दुखत असेल, तर तो व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर पोहोचायला वेळ लागत नाही.

उत्तर आधीच देऊन टाकूया. यात सोनं नसतं. हा रंग टायटेनियम नायट्राइड किंवा त्याच्याच जातीतल्या संयुगाचा असतो. ड्रिल मशीनच्या सोनेरी बिटवर आणि काही घड्याळांच्या केसवर असतो तोच प्रकार. थराची जाडी असते काही मायक्रॉन. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, यावरून अंदाज येईल.

मग त्याचा उपयोग काय? नेहमीचा कृत्रिम गुडघा कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूचा असतो आणि त्यात थोडं निकेलही असतं. नकली दागिन्यांमुळे कानाला खाज सुटते, ती बहुतेक वेळा निकेलमुळेच. सोनेरी थर या धातूंचे कण शरीरात झिरपण्यापासून अडवतो. त्यामुळे धातूची ॲलर्जी असलेल्या रुग्णासाठी तो निवडण्यामागे तर्क आहे. पण बाकीच्यांचा सांधा त्यामुळे जास्त वर्षं टिकतो, असं आतापर्यंतच्या तुलनात्मक अभ्यासांत स्पष्ट दिसलेलं नाही. म्हणजे वस्तू खोटी नाही, जाहिरात मात्र जरा जास्तच चकाकते.

विदर्भात महत्त्वाचं कोटिंग वेगळंच आहे

ते पांढुरकं असतं आणि जाहिरातीत कधी दिसत नाही. त्याची गरज कुणाला पडते, हे कळण्यासाठी सिकलसेलकडे वळावं लागेल.

नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात सिकलसेल हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल शुक्ला आणि सोलंकी यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये १९५८ साली आला होता. या आजारात लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मांडीच्या हाडाचं वरचं गोल टोक खुब्यात बसतं, आणि त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या आधीच मोजक्या. त्या तुंबल्या की तिथलं हाड मरतं आणि हळूहळू खचतं. डॉक्टर याला 'एव्हीएन' म्हणतात.

गुडघा बदलणारे बहुतेक रुग्ण साठीच्या पुढचे असतात. सिकलसेलमुळे खुबा गेलेला रुग्ण पंचविशीचाही असू शकतो. त्याला नोकरी करायची असते, बाइक चालवायची असते. त्याचा कृत्रिम सांधा शक्य तितकी जास्त वर्षं टिकायला हवा, कारण तो काढून दुसरा बसवण्याची शस्त्रक्रिया पहिल्यापेक्षा अवघड आणि महाग असते.

सांधा हाडात पक्का करण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे बोन सिमेंट. दुसरा सिमेंटविना, म्हणजे धातूचा दांडा हाडाच्या पोकळीत घट्ट ठोकून बसवायचा आणि हाडालाच त्याच्यावर वाढू द्यायचं. तरुण रुग्णांत सहसा दुसरा मार्ग निवडला जातो. पण हाड धातूवर वाढेल कशाला?

हाडाला फसवायचं कसं?

बाहेरची वस्तू दिसली की शरीर तिच्याभोवती तंतूंची पिशवी विणून तिला वेगळं पाडतं. टायटेनियम याला बऱ्यापैकी अपवाद. त्याच्यावर आपोआप तयार होणारा, काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर हाडाला खपतो. स्वीडनचे ब्रॉनेमार्क १९५० च्या दशकात सशांच्या हाडात टायटेनियमची उपकरणं बसवून अभ्यास करत होते. नंतर ती काढायला गेले, तर हाड धातूला पक्कं धरून बसलेलं! १९६५ मध्ये त्यांनी याच तत्त्वावर माणसाच्या जबड्यात दातांचं इम्प्लांट बसवलं.

पुढची पायरी हायड्रॉक्सिॲपटाइटची. नाव अवघड असलं, तरी हे कॅल्शियम आणि फॉस्फेटचं खनिज आपल्या हाडांतल्या खनिजाचंच जवळचं भावंड आहे. खडबडीत केलेल्या टायटेनियमवर त्याचा थर दिला की हाडाच्या पेशींना ते घरचंच वाटतं आणि हाड लवकर धरतं. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खुब्याच्या सांध्यांवर हे कोटिंग वापरलं जातंय.

ते चढवायची रीत मात्र थरारक आहे. दहा हजार अंशांच्याही वर तापलेल्या प्लाझ्माच्या झोतात पावडर सोडतात. कण अर्धवट वितळून धातूवर आदळतात आणि चपटे होऊन चिकटतात. थर साधारण ५० ते १५० मायक्रॉनचा होतो. उष्णता जास्त झाली तर खनिजाची स्फटिकरचना मोडते आणि थर शरीरात लवकर विरघळतो. थर फार जाड झाला तर त्याचे पापुद्रे निघण्याची भीती. चांगलं जमलं तर वर्षानुवर्षं तो हळूहळू झिजतो आणि तोवर हाड धातूपर्यंत पोहोचलेलं असतं.

पण कोटिंगलाही जिवंत हाड लागतं. सिकलसेलच्या रुग्णांत हाडाची पोकळी काही ठिकाणी कठीण होऊन बुजलेली असते, दांडा बसवताना हाड तडकण्याचा धोका असतो आणि जंतुसंसर्गाची शक्यताही जास्त. म्हणून नुसतं 'कोटेड इम्प्लांट आहे' एवढ्यावर काही ठरत नाही. सर्जनचा अशा रुग्णांचा अनुभव आणि रक्तविकारतज्ज्ञाची साथ तितकीच लागते.

आणि जंतू?

हाडाच्या पेशी आणि जंतू, दोघांनाही इम्प्लांटचा पृष्ठभाग हवा असतो. ग्रिस्टिना यांनी १९८७ मध्ये याला पृष्ठभागासाठीची शर्यत म्हटलं होतं. जंतूंनी आधी जागा धरली की ते चिकट थर विणून त्याखाली लपतात आणि औषधं पोहोचत नाहीत. म्हणून हाडाचा कॅन्सर काढल्यावर बसवायच्या मोठ्या सांध्यांवर चांदीचं, तर नडगीच्या उघड्या फ्रॅक्चरसाठीच्या काही रॉडवर जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं कोटिंग मिळतं. सरसकट सगळ्यांसाठी ते वापरत नाहीत.

कोटिंग चांगलं, तरी सांधा वाईट?

असं झालंय. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीचा एएसआर हा खुब्याचा सांधा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवला गेला. त्याच्या वाटीला हाडाकडच्या बाजूने हाड रुजण्यासाठीचा थर होताच. घात झाला आतल्या बाजूला. तिथे धातूवर धातू घासून कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरत होतं. भारतात अशा सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या, आणि त्यातल्या बहुतेक रुग्णांचा मागच लागला नाही.

विचारायचं काय?

ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा आणली. तेव्हा साध्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याला ५४,७२० रुपये आणि टायटेनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमच्या गुडघ्याला ७६,६०० रुपये, जीएसटी वेगळा, असे कमाल दर ठरले. त्यामुळे 'स्पेशल' गुडघा सुचवला गेला, तर कोटिंग कशाचं आहे, ते माझ्याच रुग्णाला का हवं आणि साधा घेतला तर काय बिघडेल, हे डॉक्टरांना बिनधास्त विचारा.

शस्त्रक्रियेनंतर इम्प्लांटच्या पाकिटावरचे स्टिकर फाइलमध्ये लागलेत का, तेही बघा. कंपनी, मॉडेल, साइज आणि लॉट नंबर त्यावरच असतो. त्याचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. एखादा सांधा उद्या परत मागवला गेला, तर तो तुमचाच आहे की नाही हे त्या नंबरवरूनच कळतं.