दर्यावरचे हुद्दे आणि आपली मराठी

कोरेगावाहून समुद्र म्हणजे सह्याद्रीपलीकडची गोष्ट. सारंग-तांडेलांशी आपला काय संबंध, असे आपणांस वाटेल. परंतु कान्होजी आंग्र्यांचे सरखेलपद १७१३-१४ च्या सुमारास ज्या शाहू छत्रपतींनी मान्य केले, त्यांची राजधानी आपल्या शेजारीच, साताऱ्यास होती. आणि तो 'सरखेल' शब्द मूळचा फारसी.

राज्याभिषेकाच्या काळात शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांनी राज्यव्यवहारकोश सिद्ध केला. मुजुमदाराचा अमात्य झाला, डबीराचा सुमंत झाला. कोशाचे वर्ग दहा. त्यांत दुर्गांचा आहे, शस्त्रांचा आहे, बाजारपेठेचाही आहे. आरमाराचा मात्र स्वतंत्र वर्ग नाही. महाराजांस समुद्राचे अगत्य नव्हते, असे तर कोणी म्हणणार नाही! मला वाटते, दप्तरातला शब्द आज्ञेने पालटतो. वादळात शीड उतरविताना ज्या नावाने हाक मारावयाची, ते नाव सहसा पालटत नाही.

ही नावे तरी कोठली? नाखवा म्हणजे फारसी नाखुदा, नावेचा धनी. मालमी म्हणजे अरबी मुअल्लिम, शिकविणारा. म्हणून वाट दाखविणारा. सुकाणू अरबी, सारंग फारसी. इंग्रजांनीही सारंग, तांडेल उचलले. १८११ साली रोबक नावाच्या साहेबाने कलकत्त्यास इंग्रजी-हिंदुस्तानी नौकाकोश छापला, तो गोऱ्या अधिकाऱ्यांस देशी खलाशांची भाषा कळावी म्हणून. तेथे भाषांतराची गरज साहेबाला होती.

आता 'स्टुअर्ड' घ्या. देशी खलाशांचा शिधा रांधणारा तो 'भंडारी'. हे येथे कामाचे नाव आहे, जातीचे नव्हे. साहेबांच्या पंक्तीला वाढणारा तो स्टुअर्ड. मुंबईच्या पी. अँड ओ. बोटींवर हे काम बहुधा गोव्याच्या ख्रिस्ती मंडळींकडे असे. जहाज एक, पण पंक्ती दोन, म्हणून शब्दही दोन. स्टुअर्डास भंडारी म्हणावे, तर ही पायरी पुसली जाते. कारभारी म्हणावे, तर आपल्या तालुक्यात घरोघरी एकेक कारभारी बसलेलाच आहे!

१९६२ साली शासनाचा पदनाम कोश निघाला, तेव्हा लोकांनी त्याला 'बदनाम कोश' म्हणून हिणविले. त्या हसणाऱ्यांत मी नाही. कचेरीचा शब्द कचेरीत घडतो. हणमंत्यांनीही तेच केले. बोटीवरच्या शब्दासाठी मात्र कोशकाराने बंदरावर जावे. मासेमारी होडीच्या प्रमुखाला कोळी लोक अजूनही तांडेलच म्हणतात.